भुईला पाय

दुपारी सगळी आळी निजलेली होती. छकुली अंगणवाडीतून येऊन जेवली होती आणि माझ्या मांडीवर डोकं टेकून तिचे डोळे मिटत आले होते. तेवढ्यात आतल्या खोलीत बाटलीतली वाळू सरकली. खर्रर्र.

छकुलीनं पटकन डोळे उघडले. "आजी उठली!"

आत्या उठल्या नव्हत्या. झोपेत कूस बदलताना त्यांचा हात उशाशी ठेवलेल्या बाटलीला लागला होता. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत वाळू भरून व्यायाम शिकवणाऱ्या आसिफानं त्यांना हाताच्या व्यायामासाठी वजनं करून दिली होती. छकुली दारापर्यंत पळत गेली, चौकटीला धरून थोडा वेळ उभी राहिली आणि तशीच परत आली.

"झोपलीच हाय. आई, आजी दिवसा कामून झोपती?"

"सकाळी व्यायाम करती ना. मंग दमती."

"मंग व्यायाम कशाला करती?"

"तुला उचलायची ताकद यावी म्हणून."

हे मी तिला कितीतरी वेळा सांगितलं होतं. दर वेळी ती माझ्याकडं अशी बघायची, जसं काही मी गोष्ट सांगताना मधलंच पान गाळलं.

"पण ती मला उचलतच न्हाई," ती म्हणाली आणि परत मांडीवर येऊन पडली.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गोपिकाबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. धनगराची लेक आणि धनगराचीच सून. लग्न झाल्यापासून अर्धं आयुष्य त्यांनी मेंढरांमागं काढलं. पावसाळा सरला की घोड्यावर संसार लादायचा आणि निघायचं. कडेवर लेकरू, पाटीत तान्हं कोकरू. माझे मालक गोरक्षनाथ असेच रानोमाळ वाढले. पुढं भावाभावांत वाटण्या झाल्या, मेंढरं विकली, आणि आत्या बदनापूरच्या अलीकडं ह्या दोन खोल्यांत आल्या. आता गोरक्षनाथ सकाळच्या गाडीनं जालन्याला सळयांच्या कारखान्यात जातात, आणि घरात जनावर म्हणून एक शेळी आहे, तीही आत्यांच्या हट्टापायी.

माझी दोन लेकरं पोटातच गेली. दुसऱ्या वेळेला मी दवाखान्यातून आले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. आत्या सकाळी उठून एकट्याच निघून गेल्या. तीर्थपुरीच्या पुढं आमचं मूळ गाव आहे, तिथं माळावर बिरोबा आहे. संध्याकाळी आल्या ते कपाळाला भंडारा लावूनच, आणि तसलाच पिवळा अंगठा माझ्या कपाळावर टेकवून म्हणाल्या, "बोलून आले मी. लेकरू जगलं तर वेशीपासून देवाच्या पायरीपर्यंत माझ्या कडेवर आणीन. मधी भुईला पाय लागू देणार न्हाई. तिथंच जावळ काढीन."

मला त्या दुःखातही हसू आलं होतं. "एवढंच बोलल्या?"

"एवढंच म्हंजे? लेकरू काय गप बसतं का? रडतं, पाय झाडतं. पण मी तान्ही पोरं कडेवर घेऊन मुलूख हिंडले. मला काय जड हाय?"

पुढच्या वर्षी छकुली झाली. तेव्हा खरंच काही जड नव्हतं. पण ती पालथी पडायला लागली न लागली तोच मामंजी, राधाकिसन, एका दुपारी बसल्या जागी गेले. वर्षाच्या आत शुभकार्य करायचं नाही, म्हणून पहिल्या वर्षाचं जावळ राहिलं. आमच्याकडं जावळ सम वर्षात काढत नाहीत. तिसऱ्या वर्षी सगळं ठरलं, माझ्या भावानं, धर्मराजनं, भाचीला कपडेसुद्धा घेऊन ठेवले, आणि बिरोबाच्या जत्रेच्या तोंडावर आत्या मोरीत घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. जालन्याला ऑपरेशन करून आत सळई घातली. गोरक्षनाथ म्हणाले, "मी कारखान्यात सळया करतो, तू अंगातच घालून घेतली," तेव्हा आत्या हसल्या. पण घरी आल्यावर पहिला प्रश्न त्यांनी हाच केला, "आता पाचव्यालाच ना?"

पाचव्यालाच. त्याच्या पुढं आमच्यात जावळ ठेवत नाहीत. छकुलीचे केस कंबरेपर्यंत आले होते, कात्री म्हणून लागलेली नाही. रोज विंचरताना ती रडायची, अंगणवाडीतली पोरं तिला बुवा म्हणायची. तिकडं पोर वाढत होती आणि इकडं आत्या वाळत होत्या. मोडलेला पाय बारीक झाला होता. छकुलीला घेऊन त्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या तरी कुणाच्यातरी ओट्यावर टेकायच्या.

गोरक्षनाथ एकदा म्हणाले, "आई, मी घेतो की तिला कडेवर. देवाला सगळं कळतं."

"नवस तू बोलल्तास का?"

मी तर काय बोलणार? माझ्याच लेकराचा नवस.

पाचव्या वर्षाच्या जत्रेआधीच्या दिवाळीनंतर आसिफा गावात आली. जालन्याची मुलगी, अंगाच्या व्यायामाचं शिक्षण घेतलेली. साठीच्या पुढच्या बायांना व्यायाम शिकवायचा आणि त्यानं त्यांच्या अंगातल्या शक्तीचा दिवसभराचा खर्च किती वाढतो ते बघायचं, असं तिचं काम होतं. समाजमंदिरात बाया जमल्या. आसिफानं एकेकीच्या कंबरेला पट्टा बांधला, त्यावर काडेपेटीएवढी डबी.

"ही काय भानगड?" शेजारच्या सोनूबाईंनी विचारलं.

"आजी, तुम्ही बसल्या, उठल्या, भाकरी थापली, काहीही केलं, तर अंग किती खर्च करतं ते ह्यात कळतं. झोपल्यावर पण अंग खर्च करतंच."

"म्हंजे मीटरच बसवलं म्हण! बिल कुणाच्या नावानं येणार गं? म्हाताऱ्याच्या नावानं लाव. जिंदगीभर त्याच्यापायीच खर्च झाले मी."

सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी आसिफाला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, "बेटी, ह्यानं ताकद येती का?"

"येते की आजी."

"लेकरू उचलायची?"

मग त्यांनी तिला नवस सांगितला. आसिफानं नीट ऐकून घेतलं. देवळापर्यंत किती अंतर आहे, चढ आहे का, मध्ये सावली आहे का, सगळं विचारलं. शेवटी विचारलं, "आणि नात किती जड आहे?"

"लेकरू कव्हा जड असतं का?" आत्या म्हणाल्या.

आसिफानं शिकवलेलं सोपंच होतं. खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं. वाळूच्या बाटल्या खांद्यापर्यंत न्यायच्या. मग भरभर चालायचं. "आठवड्यातून दोन दिवस, आजी. बिलकुल जास्त नको. बाकीचे दिवस घरची कामं नेहमीसारखी करायची."

सुरुवातीला आत्यांना खरंच बरं वाटलं. मोडलेल्या पायावर भार देऊन त्या उभ्या राहायला लागल्या. पाठीतला वाक थोडा सरळ झाला. पण दोन दिवसांवर त्या थांबल्या नाहीत. महिन्याभरातच त्यांनी रोज धरलं. उजाडायच्या सुमाराला चूळ भरायची, बिरोबाकडं तोंड करून हात जोडायचे आणि सुरू. खुर्ची, बाटल्या, मग कृषी संशोधन केंद्राच्या तुरीच्या शेताकडनं जाणाऱ्या रस्त्यानं चालणं. आणि नेम धरला म्हटल्यावर उपवास आलाच. जत्रेपर्यंत एकच वेळ जेवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

"आत्या, तिनं दोनदाच सांगितलंय," मी म्हटलं.

"नेम काय आठवड्यातून दोनदा असतो का गं? देवापुढं दिवा तू दोनदाच लावती का?"

आमच्या घरात नेम धरलेल्या माणसाला कुणी अडवत नाही. भाकरी वाढून ठेवायची, आणि तिनं हात जोडले की झाकून ठेवायची, एवढंच.

पुढं पुढं बाटल्या त्यांना हलक्या वाटायला लागल्या. मग त्यांनी खताच्या गोणीचं कापून एक चुंगडं शिवलं. छकुलीला अंगणवाडीत काट्यावर उभं केलं, आणि किराणा दुकानात तेवढ्याच वजनाची ज्वारी चुंगड्यात तोलून भरून आणली. तोंडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. पहाटे ते चुंगडं कडेवर घ्यायचं, वरून पदर घ्यायचा आणि चालायला जायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई लेकरूच घेऊन चालली. पोरगी वाढली की अंगणवाडीताई वजन सांगायची, आणि जेवढं वाढलं तेवढी ज्वारी आत्या वरून ओतायच्या.

"काय गोपिकाबाई, पोरगा का पोरगी?" सोनूबाई ओट्यावरून विचारायच्या.

"नात हाय."

"लई गुणाची बाई, रडत पण न्हाई!"

पण घरात एकेक गोष्ट सुटत चालली होती. मोडलेल्या पायानंसुद्धा आत्या आधी अंगण झाडायच्या, तूर निवडायच्या, शेळीला पाला आणायच्या. छकुलीला अंगणवाडीत सोडायच्या, थोडं कडेवर, थोडं बोट धरून. दुपारी बायांत बसून वाती वळायच्या. आता चालून आल्या की चुंगडं कोपऱ्यात टेकवायच्या आणि त्याच्या शेजारीच आडव्या व्हायच्या. आधी शेळी माझ्याकडं आली, मग अंगण. मग अंगणवाडीला सोडणं. वातींची टोपली फळीवर गेली ती तिथंच राहिली. पाणी मागायलासुद्धा त्या उठायच्या नाहीत. पडूनच तांब्याकडं बघायच्या आणि मी ओळखून द्यायचे.

आणि छकुलीला त्या उचलेनाशा झाल्या. ती हात वर करून समोर उभी राहायची, "आजी, घे ना." आत्या तिच्या गालावरून हात फिरवायच्या. "जत्रेला घेते माय. तवर तुझ्यासाठी सांभाळून ठेवून राह्यले. आज घेतलं तर तेवढी ताकद सरती."

एकदा सकाळी मी भाकरी थापत होते. कोपऱ्यात चुंगड्याशेजारी काहीतरी हललं. बघते तर माझी शाल, तिचं तोंड वरून मुठीत आवळलेलं, आणि आतून आवाज.

"आजी, मी चुंगडं हाय. मला घे."

आत्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते थांबेचना. त्यांनी शाल सोडली, नातीचं डोकं छातीशी धरलं, तिच्या जटांमध्ये तोंड खुपसून बसून राहिल्या. पण उचललं नाही. नेम मोडला असता.

माघ सरताना आसिफा घरी आली. कंबरेच्या डबीतलं सगळं तिनं बघितलं होतं. तिनं आत्यांचा हात हातात घेतला.

"आजी, एक सांगू का? रागवू नका. तुम्ही सकाळी एवढं करता, आणि मग दिवसभर अंग चोरून घेतंय."

"मी कामचोर?"

"तुम्ही नाही हो, अंग. सकाळी जास्त गेलं की ते दुपारी काटकसर करतं. तुमच्याबरोबरच्या ज्या बाया दोनच दिवस येतात, त्यांचा सगळ्या दिवसाचा खर्च वाढला. कारण त्या घरी जाऊन काम करतात, फिरतात, बोलतात. तुम्ही रोज करता, तर तुमचा आधीपेक्षा कमी झालाय. आणि वरून एक वेळ जेवता. ताकद कशातनं बनणार?"

"बिरोबा देतो."

आसिफा म्हणाली, "देवानं दिलं तरी घालायचं कुठं, आजी? पोट तर रिकामं आहे. नातीला रोज थोडं थोडं घ्या. तोच व्यायाम. ते चुंगडं ठेवून द्या."

आत्यांनी हात सोडवून घेतला. "मुलगी गुणाची हाय," ती गेल्यावर त्या म्हणाल्या. "पण तिला नेमातलं काय कळणार? आणि एक सांगू का मनीषा? चुंगडं मला आता हलकं लागून राह्यलंय. आधी शाळेपर्यंत धाप लागायची. आता शाळा मागं टाकते. मंग ताकद आली का न्हाई?"

हे मात्र खरं होतं. चुंगडं घेऊन त्या पुढं पुढं जात होत्या. अंग वाळत होतं, डोळे आत गेले होते, दिवसभर झोपत होत्या, तरी चुंगडं हलकं होत होतं. गोरक्षनाथांना सांगितलं तर ते म्हणाले, "बघ बरं. आई हाय ती. करून दाखवील." मलाही तसंच वाटायला हवं होतं. मी तसं वाटून घेतलं.

पाडवा झाला आणि जत्रा आली.

आम्ही जीप करून गेलो. वेशीपाशी धर्मराज आधीच येऊन थांबला होता, भाचीला नवा झगा, आत्यांना लुगडं घेऊन. ढोलवाले दोन पोरं उभी होती. ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून आत्यांनी वेळ घालवला नाही. लुगड्याचा ओचा खोचला, भंडारा कपाळाला लावला, आणि वाकल्या.

"ये माय."

छकुली आधी माझ्याकडं बघू लागली. खरंच का, असं. मग ती अशी धावली, की आत्यांचा तोल जायचा राहिला. त्यांनी तिला उचललं, कडेवर नीट बसवलं, आणि तिनं दोन्ही हात आजीच्या गळ्यात टाकले. गाल मानेला लावून डोळे मिटून घेतले. किती महिन्यांनी तिला ती जागा मिळाली होती.

ढोल वाजायला लागला. आत्या निघाल्या.

सपाटीवर त्या भराभर चालल्या. बाया बाजूनं भंडारा उधळत होत्या. "गोपिकाबाई, जितलीस गं!" कुणीतरी ओरडलं. धर्मराज माझ्या कानाशी म्हणाला, "अक्का, तू उगं घाबरत होतीस. म्हातारी पळून राह्यली."

ओढा ओलांडला आणि चढ लागला. तिथं पहिल्यांदा त्यांचं पाऊल आखूड पडलं. मग त्या थांबल्या. थांबायला हरकत नव्हती, खाली ठेवायचं नव्हतं एवढंच. धर्मराजनं वरून तोंडात पाणी घातलं. पुन्हा चालल्या, पुन्हा थांबल्या. मोडलेल्या पायाची पोटरी लुगड्याखाली थरथरताना मला दिसत होती.

"आई, मी नुसता खालून हात लावतो," गोरक्षनाथ म्हणाले.

"लावू नको."

"नुसता टेकू."

"गोरख, लावू नको म्हणते ना!" आणि मग स्वतःशीच, धापा टाकत, "असं कसं झालं? चुंगडं घेऊन तर मी शाळा मागं टाकत होते. न थांबता."

छकुलीनं मान वर केली. आजीचा घाम तिनं झग्याच्या बाहीनं पुसला. आणि अगदी सहज, खुशीत सांगितलं, "आजी, चुंगडं हलकं होतं. मी त्यातली ज्वारी काढायची."

"काय?"

"रोज एक मूठ. तू झोपली की चिंधी सोडायची आणि सोनूआजीच्या कोंबड्यांना टाकायची. तू दमायची ना."

ढोल वाजतच होता, त्यामुळं पुढच्यांना काही ऐकू गेलं नाही. आम्हा चौघांना गेलं. आत्या नातीकडं बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या रागावतील. त्यांनी फक्त तिला वर सरकवून घेतलं, पदर तिच्या डोक्यावर ओढला उन्हासाठी, आणि म्हणाल्या, "आगं माझी माय ती!"

आणि पुन्हा पाऊल उचललं.

देऊळ दिसत होतं. पायऱ्या दिसत होत्या, पायरीवर बसलेला भगत कचरू दिसत होता. आत्यांचे ओठ पांढरे पडले होते. आता त्या एक पाऊल टाकायच्या आणि उभ्या राहायच्या, दुसरं टाकायच्या आणि उभ्या राहायच्या. तोंडानं काही म्हणत होत्या, पण आवाज येत नव्हता. गोरक्षनाथ दोन्ही हात पुढं करून त्यांच्या मागं मागं चालत होते, न लावता.

"आजी, मी थोडं चालते," छकुली म्हणाली. "मंग तू परत घे."

"न्हाई माय. हलू नको."

"तू दमली."

"न्हाई दमले. हलू नको, बाळा."

लहान लेकरं कडेवरून कशी घसरतात, ते आईलाच माहीत. अंग सैल सोडतात, हात वर करतात, आणि धरणाऱ्याच्या हातात नुसते कपडे राहतात. मी पुढं झेपावले. आत्यांनी तिचा झगा मुठीत धरला होता, पण मुठीत जोरच राहिला नव्हता. छकुलीचे पाय भुईला लागले. तिनं आजीचं बोट धरलं आणि म्हणाली, "चल."

पुढं ढोलवाली पोरं नाचतच होती.

आत्या हलल्या नाहीत. छकुली बोट ओढत राहिली, "चल ना आजी, आता जवळच हाय," आणि त्या तिच्या पायांकडं बघत राहिल्या. धुळीत तिचे तळवे उठले होते, एवढे एवढेसे.

भगतानं समजूत घातली. "गोपिकाबाई, लेकराचं पाऊल म्हंजे देवाचंच पाऊल. ते आपल्या पायानं आलं. झाला तुझा नवस." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. आत्या पायरीवर बसल्या होत्या. "मी बोलल्ते ते हे न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या.

धर्मराजच्या मांडीवर जावळ काढलं. कंबरेपर्यंतचे केस खाली पडले आणि आतून एवढंसं गोरं डोकं निघालं. छकुली ते हातानं चाचपून हसत होती. केस गेल्यावर ती कितीतरी लहान दिसायला लागली. आत्यांनी एकदाच तिच्याकडं बघितलं आणि नजर देवाकडं वळवली.

घरी आल्यावर नेम संपला होता. मला वाटलं, आता तरी दोन वेळ जेवतील, दिवसभरात उठतील, बसतील. पण त्यांनी व्यायाम सोडला तसं बाकीचंही परत धरलं नाही. अंगणाकडं बघितलं नाही, शेळी दाव्याला ओरडत राहिली तरी उठल्या नाहीत. आसिफा भेटायला आली, खूप वेळ बसली. "आजी, आठवड्यातून दोनदा. मी स्वतः येते तुमच्यासाठी. हळूहळू करू."

"आता कशासाठी?" आत्यांनी विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं.

आसिफानं माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घातली.

गोरक्षनाथ म्हणाले, "आई, मनाला लावून घेऊ नको. पुढच्या वर्षी परत जाऊ. परत घे कडेवर. जावळ झालं तर झालं, नवस तेवढा पुरा कर."

"पुढच्या वर्षी ती अजून वाढती, गोरख. आणि मी अजून कमी."

मग वैशाखात छकुलीला ताप आला. साधा ताप, उन्हाचा. दोन दिवसांत उतरला. पण त्या दोन दिवसांत आत्या अन्नाला शिवल्या नाहीत. ताप उतरल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात, कुणी ऐकेल अशा भीतीनं सांगितलं, "मनीषा, तिला माझ्यापाशी येऊ देऊ नको. बोललेलं माझ्याच्यानं पुरं झालं न्हाई. देवाची नजर माझ्यावर हाय. ती माझ्याजवळ असली तर तिच्यावर जाईल. तू तिला लांबच ठेव."

"आत्या, असं काही नसतं हो."

"तुझी दोन गेली तव्हा कुठं काय होतं? तव्हा पण असं काही नसतंच म्हणत होतीस." आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

तेव्हापासून छकुली दारातच उभी राहते. आजीच्या खोलीत मी तिला जाऊ देत नाही. आत्या जागी असल्या तर डोळे मिटून घेतात. ते मिटलेले डोळे झोपेचे नाहीत, हे तिलाही कळत असणार. अंगणवाडीतून आली की ती चौकटीवर गाल टेकून आत बघते, आणि पाय उंबऱ्याच्या अलीकडं ठेवते. आता तर कुणी न सांगता.

आज तिला न्हाऊ घातलं. डोक्यावर बोटभर केस आलेत, मऊ, उभे. मी खोबरेल चोळत होते. ती नेहमीसारखी बडबड करत नव्हती. आत आत्या खोकल्या, तशी तिनं मान तिकडं वळवली, आणि माझा हात तेलासकट तिच्या कपाळावर आला.

"आई, मी लई जड झाले ना?"

"न्हाई गं राणी."

"झाले. ताईनं काट्यावर सांगितलं." मग माझ्याकडं तोंड करून, अगदी शहाण्या माणसासारखं, तिनं विचारलं, "आई, मी परत लहान कव्हा होणार?"